मुलीचा आजार रक्ताच्या रिपोर्टात सापडेल का?

प्रश्न : मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, राहायला सिडकोत. मुलगी वीस वर्षांची, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपासून तिचं हात धुणं वाढत चाललंय. सकाळी घंटागाडी गल्लीत आली की आंघोळ झालेली असली तरी पुन्हा बाथरूममध्ये जाते, तास-दीड तास बाहेर येत नाही. गच्चीवरची टाकी संपते, बिल्डिंगमध्ये भांडणं होतात. वैतागून मी एकदा वरचा कॉकच बंद केला. कामावर असताना फोन करून विचारत राहते, ‘बाबा, माझा हात डस्टबिनला लागला नव्हता ना?’ हिची आई दिवसभर दाराच्या कड्या पुसत असते. मानसोपचारतज्ज्ञांनी पाऊण तास नुसतं बोलून ‘ओसीडी’ (नको असलेले विचार येत राहणं आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) सांगितलं, गोळी दिली. एकही तपासणी केली नाही. तीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून गोळी बंद केली. आता मोबाईलवर वाचलं की ओसीडीशी संबंधित प्रथिनं रक्तात सापडली आहेत. एका लॅबचा माणूस ‘ब्रेन पॅनेल’ नावाच्या रक्ततपासण्या करून देतो म्हणतोय, चौदा हजार रुपयांत. माझी बहीण म्हणते, त्र्यंबकला नारायण नागबळी करा. पत्नीचे काका असेच शिवाशिव करायचे, म्हणजे हे आनुवंशिक असेल का? पॅनेल करावं का? नॉर्मल आलं तर गोळ्या लागणार नाहीत ना?
— एक वडील, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, आधी तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. पॅनेल करू नका. आणि केलंत, ते नॉर्मल आलं, तरी त्यावरून गोळी बंद करता येणार नाही. ओसीडी आहे की नाही हे ठरवणारी रक्ताची तपासणी आज नाशकात नाही, मुंबईत नाही आणि अमेरिकेतही नाही. चौदा हजारांच्या त्या कागदावरचे आकडे कदाचित बरोबर असतील, पण तुम्ही जे विचारताय त्याचं उत्तर त्यात नसेल.

तुम्ही वाचलेली बातमी खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ओसीडीच्या रुग्णांच्या रक्तातली प्रथिनं मोजण्याचं काम गेली तीसेक वर्षं चालू आहे. शरीरात कुठे दाह असला की वाढणारी सीआरपी, इंटरल्यूकिन, टीएनएफ अल्फा ही एक टोळी. मेंदूतल्या पेशींची वाढ आणि जोडण्या यांच्याशी संबंधित बीडीएनएफ हे दुसरं. मेंदूतल्या आधारपेशींतून येणारं एस-१००-बी हे आणखी एक. यांपैकी प्रत्येकावर अभ्यास झालेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. एका ठिकाणी पातळी जास्त सापडते, दुसऱ्या ठिकाणी कमी, तिसऱ्या ठिकाणी फरकच नाही. २०१२ मध्ये दाहाच्या प्रथिनांवरचे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ अल्फामध्ये रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्यात ठोस फरक निघाला नाही. फरक निघाला तो इंटरल्यूकिन-१ बीटामध्ये, आणि तोही उलटा. रुग्णांत ते वाढलेलं नव्हतं, कमी होतं.

तुम्ही क्वालिटीतले, म्हणून तुमच्याच कामातलं उदाहरण घेते. गो-नो-गो गेजवर तुमचा भरवसा का असतो? कारण चांगला नग आणि खराब नग यांच्यामधली रेघ स्वच्छ असते. गो बाजू आत गेली, नो-गो अडली, माल पास. आता असं गेज डोळ्यांसमोर आणा, ज्यात शंभर चांगल्या आणि शंभर खराब नगांची सरासरी घेतली तर केसाइतका फरक दिसतो, पण एक-एक नग तपासायला घेतला तर निम्मे खराब पास होतात आणि निम्मे चांगले बाद. वर हे गेज सकाळी एक माप दाखवतं आणि संध्याकाळी दुसरं. असं गेज तुम्ही लाइनवर ठेवाल का? प्रथिनांच्या अभ्यासातले फरक बहुतेक याच जातीचे आहेत. ते गटांच्या सरासरीतले असतात. समोर बसलेल्या एका मुलीबद्दल ते काही सांगत नाहीत.

माप बदलतं म्हणजे कसं, तेही सांगते. बीडीएनएफचंच घ्या. हे प्रथिन रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये भरपूर साठलेलं असतं. नमुना गोठू दिला की प्लेटलेट्स ते बाहेर सोडतात. त्यामुळे गोठू देऊन वेगळ्या काढलेल्या सीरममध्ये त्याची पातळी खूप जास्त दिसते आणि गोठू न देता काढलेल्या प्लाझ्मात खूप कमी. ट्यूब किती वेळ ठेवली यावरही आकडा हलतो. तुमच्या लॅबवाल्याला एवढंच विचारा की नमुना इथेच तपासणार की मुंबईला पाठवणार, आणि सीरम की प्लाझ्मा. उत्तर देताना तो अडखळला तर काय ते समजा. सीआरपीचं तर विचारूच नका. हिरड्या सुजल्या, सर्दी-खोकला झाला, वजन जास्त असलं, तरी ती वाढते. आणि बीडीएनएफ कमी असणं हे नैराश्यातही वारंवार दिसलेलं आहे. म्हणजे नग बाद ठरला तरी दोष कुठला हे गेजला सांगता येत नाही.

यात आणखी एक हिशेब आहे, तो तुम्हाला कागद-पेन घेऊन करता येईल. आयुष्यात कधी ना कधी ओसीडी होणारी माणसं शंभरात दोन-तीन असतात. दोन धरू. हजार माणसं घेतली तर वीस जणांना ओसीडी. आता समजा, आज अस्तित्वातच नसलेली एक उत्तम चाचणी आपल्याकडे आहे. ती शंभरातले नव्वद रुग्ण पकडते आणि शंभरातल्या नव्वद निरोग्यांना बरोबर निरोगी ठरवते. वीसपैकी अठरा रुग्ण तिला सापडतील. पण ९८० निरोग्यांपैकी ९८ जणांनाही ती रुग्ण ठरवेल. एकूण ११६ पॉझिटिव्ह, त्यात खरे अठरा. लॅबच्या पत्रकावर ‘९० टक्के अचूक’ छापलेलं असतं, त्याच्या पोटात हे असतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत तर आजार आधीच ओळखलेला आहे, त्यामुळे अशी चाचणी असती तरी तिने तुमच्या माहितीत काही भर घातली नसती.

खूप आशा लावलेलं एक प्रथिन कसं मागे पडलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बी लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींवर ‘डी ८/१७’ हे प्रथिन असतं आणि स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या घशातल्या संसर्गानंतर होणाऱ्या रुमॅटिक फीवरच्या रुग्णांत ते जास्त सापडतं, असं आधी दिसलं होतं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या सुसान स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर अचानक ओसीडीची लक्षणं सुरू झालेल्या मुलांमध्ये ते तपासलं. अशा मुलांपैकी ८५ टक्के पॉझिटिव्ह निघाली, निरोगी मुलांपैकी १७ टक्के. एवढी मोठी तफावत! आता रक्तावरून ओळखता येणार, असंच वाटायला लागलं. पुढच्या काही वर्षांत ते पुन्हा तपासून पाहिलं तेव्हा हा फरक टिकेना आणि मोजण्याची पद्धतच भरवशाची नाही हे लक्षात आलं. आज ती तपासणी कुणी लिहून देत नाही. संशोधकांनी यात काही लबाडी केली नव्हती. पहिल्या आकड्यावर थांबायचं नसतं म्हणूनच त्यांनी पुन्हा मोजलं. बातमी मात्र पहिल्या आकड्याचीच होते.

पॅनेलमध्ये ‘एएसओ’ (स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेल्याची खूण दाखवणारी रक्ततपासणी) असेल तर तेही याच गोष्टीतलं आहे. लहान मुलात, घसा दुखून ताप येऊन गेल्यावर एका-दोन दिवसांत ओसीडीची लक्षणं उसळली, तर बालरोगतज्ज्ञ स्ट्रेप्टोकोकसचा विचार करतात. तुमची मुलगी वीस वर्षांची आहे आणि तिचं दोन वर्षांत हळूहळू वाढत गेलंय. तो प्रकार हा नव्हे.

आनुवंशिकतेचं थोडक्यात. पत्नीच्या काकांना ओसीडी होता की घरातलं सोवळं कडक होतं, हे मला इथून सांगता यायचं नाही. पंचवटीतल्या जुन्या घरांत सोवळं होतंच, पण स्वयंपाक झाला, पूजा झाली की ते सुटायचं. तुमच्या मुलीचं सुटत नाही. जनुकांचा वाटा या आजारात आहे, जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास धरतात. २०२५ मध्ये त्रेपन्न हजारांहून जास्त रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ओसीडीशी संबंध असलेल्या तीस जागा सापडल्या. एका जागेचा परिणाम कणभर. त्यावरून कुणा एकाचं भविष्य सांगता येत नाही, त्यामुळे यात ना तुमचा दोष, ना वहिनींच्या माहेरचा. घरात हा विषय वाढू देऊ नका.

‘नुसतं बोलून निदान केलं’ हे तुमचं दुखणं आहे, ते मला समजतं. पण त्या पाऊण तासात काय विचारलं होतं ते आठवा. विचार नकोसा असूनही येतो का, किती वेळ जातो, धुतल्यावर किती वेळ बरं वाटतं, हे जास्त होतंय असं तिला स्वतःला वाटतं का, कॉलेज बुडतं का. दिवसाचा तासाहून जास्त वेळ खाणारे विचार आणि कृती ही निदानातली एक ठरलेली खूण आहे. तीव्रता मोजायला १९८९ पासून येल-ब्राउन नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी वापरतात, गुण शून्य ते चाळीस. सोळा ते तेवीस म्हणजे मध्यम, चोवीसपासून पुढे गंभीर. हवं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तिचा आकडा विचारा आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. तुम्हाला आकडा हवाच आहे ना, मग हा घ्या. हा आकडा वर-खाली होतो तेव्हा आजाराबरोबर होतो. मायग्रेनचं निदानही असंच बोलून होतं, तिथे कुणी रिपोर्ट मागत नाही.

आता जरा कडू बोलते. मुलगी तुम्हाला विचारते, ‘हात लागला नव्हता ना?’ तुम्ही म्हणता, ‘नाही गं.’ दहा मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा फोन येतो. कारण ओसीडी हा शंकेचा आजार आहे, आणि खात्री मिळाली की शंका अजून खात्री मागते. तुमची बहीण नागबळीतून खात्री शोधतेय, तुम्ही पॅनेलमधून. पूजा करायची की नाही हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. मात्र पूजा झाली म्हणून गोळी बंद, किंवा रिपोर्ट आला म्हणून गोळी बंद, हे दोन्ही मला चालणार नाही.

आणि पॅनेलचा सगळ्यात मोठा धोका पैशाचा नाहीच. जिला घाण लागल्याच्या भीतीने ग्रासलंय, तिच्या हातात ‘तुझ्या रक्तातली अमुक प्रथिनं वाढलेली आहेत’ असा कागद पडला तर काय होईल? आजपर्यंत घाण बाहेर होती, धुऊन निघत होती. उद्या ती रक्तात असेल. फार्मसीची मुलगी आहे, प्रत्येक प्रथिनाचं नाव रात्रभर शोधत बसेल. आणि सगळं नॉर्मल आलं तर म्हणेल, मग मला आजार नाही, मी खरंच घाणेरडी आहे. किंवा म्हणेल, लॅबने नमुना बदलला असेल. कुठलाही निकाल आला तरी आजाराच्याच पथ्यावर पडणार.

गोळीचं बोलू. तीन आठवड्यांत फरक दिसला नाही यात नवल काहीच नाही. ओसीडीत सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन अशा औषधांचा गुण दिसायला पुरेशा डोसवर आठ ते बारा आठवडे जातात, आणि तो डोस नैराश्यातल्यापेक्षा बरेचदा जास्त लागतो. सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणं, झोप उडणं होतं. तिने ते पॅकेटमधल्या चिठ्ठीत तुमच्या आधी वाचलेलं असणार, आणि गोळी बंद करायला ती एवढ्या सहज का तयार झाली तेही तिला एकदा विचारा. गोळी मनाने पुन्हा चालू करू नका. डॉक्टरांना फोन करून सरळ सांगा की बंद केली होती. ते ओरडतील म्हणून लपवलंत तर ते ‘गुण आला नाही’ असं समजून औषध बदलतील. आणि एक सूचना गंभीरपणे घ्या. पंचविशीच्या आतल्या मुलांत ही औषधं सुरू करताना किंवा डोस बदलताना पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी फार वाढली, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा कानावर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्र असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पण नुसत्या गोळीवर अडून राहू नका. तुमच्या पत्रात जिचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे ईआरपी, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर या पद्धतीची नोंद केली, आणि आज ओसीडीवरचा सगळ्यात भरवशाचा मानसोपचार हाच आहे. भीती वाटते त्या गोष्टीच्या जवळ जायचं, पायरीपायरीने, आणि नंतर धुवायचं नाही. तुमच्या घरात हे असं दिसेल : पहिल्या आठवड्यात घंटागाडी आली की ती खिडकीत उभी राहील, बाथरूममध्ये जाणार नाही. छाती धडधडेल, हाताला काहीतरी चिकटलंय असं वाटेल. अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप उतरेल किंवा निदान सोसता येईल इतकं होईल. ते ठसलं की पुढच्या आठवड्यात खाली जिन्यापर्यंत. मग कधीतरी कचऱ्याची पिशवी स्वतः नेऊन गाडीत टाकेल आणि तसाच हात घेऊन वर येऊन चहा पिईल. पायऱ्या ती आणि थेरपिस्ट ठरवतील. तुम्ही नाही. तुम्ही ठरवलंत की ती शिक्षा होते.

म्हणून तो कॉक. पुन्हा बंद करू नका. ईआरपीत धुणं ती स्वतः थांबवते आणि त्यातूनच शिकते. बाहेरून पाणी तोडलं तर ती फक्त तुमच्यावरचा विश्वास गमावते आणि बादल्या भरून ठेवते. भरून ठेवल्याही असतील, पलंगाखाली बघा. बिल्डिंगमधल्या लोकांना सगळं सांगायची गरज नाही. ‘घरात आजारपण आहे, टँकरचा जादा खर्च आम्ही देतो’ एवढ्यावर बहुतेक माणसं गप्प बसतात.

फोनवरच्या प्रश्नाचं काय करायचं? उद्यापासून एकदम उत्तर बंद, असंही नको. शांत वेळी, रविवारी वगैरे, तिच्याशी आधी बोलून ठरवा. मग फोन आला की म्हणायचं, ‘बाळा, हा प्रश्न ओसीडीचा आहे, त्याचं उत्तर मी देणार नाही. पण तू घाबरलीयेस ते कळतंय. जेवलीस का?’ आवाज चढवायचा नाही, व्याख्यान द्यायचं नाही. पहिले काही दिवस ती रडेल, चिडेल, वहिनींना फोन लावेल. दोघांचं उत्तर एकच हवं. वहिनींच्या कड्या पुसण्याचंही तसंच, एकेक कडी कमी करत जायची, कुठली आधी ते मुलीने सांगायचं. वहिनी हे सगळं मायेनेच करतात, पण आजाराला त्यातून खाद्य मिळतं.

नाशकात ईआरपी करणारा माणूस शोधायला थोडी खटपट पडेल. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, ‘ओसीडीसाठी ईआरपी करता का, आणि घरी करायचा अभ्यास देता का?’ नुसतं ‘काउन्सेलिंग करतो’ असं उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारायला संकोच नको. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीसाठी वेगळं क्लिनिक आहे, गोळी आणि थेरपी दोन्ही नीट करूनही सहा-आठ महिन्यांत फार फरक पडला नाही तर डॉक्टरांकडून तिथलं पत्र मागा. ते चौदा हजार थेरपीसाठी बाजूला ठेवा.

रक्त अजिबातच तपासायचं नाही असं नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, लिव्हर, असं काही डॉक्टरांनी लिहून दिलं तर जरूर करा. थकवा किंवा बेचैनीला दुसरं काही कारण नाही ना हे बघायला आणि औषध सुरक्षित आहे ना हे बघायला ते असतं. तिला आधीच सांगा की ओसीडी सिद्ध करायला किंवा खोडायला हे रक्त घेत नाहीयेत. सुई नवीन आहे का असं तिने विचारलं, तर टेक्निशियनला पाकीट तिच्यासमोर फोडायला सांगा. दुसऱ्यांदा विचारलं तर ठरलेलं वाक्य म्हणा आणि तिच्या शेजारी बसून राहा.